मिस्त्री चाचांचे पैसे माझ्याकडं राहिलेत. आता कुणाला द्यायचे?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. माझं गाव परभणी जिल्ह्यात, गंगेच्या काठावर. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.) मागच्या गुरुवारी आमच्या भागातले मोटार वायंडिंगचे मिस्त्री चाचा गेले. सकाळी दुकानाचं शटर उघडलं, खुर्चीवर बसले आणि तिथंच मान टाकली.

मातीला मी गेलो होतो. त्याआधी सकाळीच त्यांचा धाकटा पोरगा माझ्या शेतात आला, म्हणला, "काका, तुमच्या बांधावरच्या बोरीचा पाला पाहिजे, अब्बांच्या आंघोळीला." मी स्वतः तोडून दिला. खांदाही दिला. कब्रस्तानच्या मोकळ्या जागेत नमाजीला रांगा लागल्या तेव्हा आम्ही चार-पाच जण बाजूला उभे राहिलो. नमाज सुरू व्हायच्या आधी थोरला पोरगा पुढं आला आणि मोठ्यानं म्हणला, "अब्बांकडं कुणाचं काही येणं असेल तर आत्ता नाहीतर नंतर मला सांगा, मी देईन. त्यांनी कुणाला काही बोललं असेल, कुणाचं मन दुखवलं असेल, तर अल्लाहसाठी माफ करा."

सगळे गप्प होते. मी मान खाली घातली. त्यांच्याकडं माझं काहीच येणं नव्हतं, पण माझ्याकडं त्यांचं होतं.

२०१५ च्या दुष्काळात माझी बोअरची मोटार दोनदा जळाली. पाणी खाली गेलेलं, व्होल्टेज नाही, मोटार कोरडीच फिरायची. दोन्ही वेळा चाचांनी वायंडिंग करून दिलं, ७,१०० रुपये एका वेळचे. वरून पाइप काढायला माणसं लावायची होती तर खिशातून ५,००० दिले. एकूण १९,२००. मी पैशाचं बोललो की म्हणायचे, "पैले मोटर डाल, पानी आने दे, पैसे का बाद में देखिंगे." पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तूर बक्कळ आली. भाव पडला म्हणून मी थांबलो. मग मुलीचं लग्न निघालं. मग राहूनच गेलं. त्यांनी एकदाही मागितले नाहीत.

त्या दिवसापासून झोप नीट नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हे पैसे कुणाला द्यायचे? दोन, त्यांच्या धर्मात माणूस गेल्यावर त्याच्या जिवाचं काय होतं, आणि माझ्या ह्या थकबाकीमुळं त्यांना तिकडं काही अडचण आहे का? तीन, त्यांच्या नावानं मी काही चांगलं काम केलं तर त्यांना पोचतं का? मी मुसलमान नाही, म्हणून विचारतोय.

काळीमाती

दादा, आधी पैसे काढून बाजूला ठेवा. उत्तरं येईपर्यंत दुसरीकडं खर्च होतील.

इमामाचा_मुलगा

गोदाकाठचा, इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. आम्ही अल्लाहचे आणि त्याच्याकडंच परतणार. तुमच्या मिस्त्रींना मगफिरत (माफी) मिळो.

माझे वडील जालना जिल्ह्यात एका छोट्या मशिदीत इमाम होते. लहानपणापासून त्यांच्याबरोबर मयतीला गेलोय, त्यामुळं जे ऐकलं-वाचलं ते सांगतो.

रूह (आत्मा) म्हणजे नेमकं काय, हे पैगंबरांना (स.) लोकांनी विचारलं होतं. कुरआनात त्याचं उत्तर एवढंच आहे की रूह ही माझ्या रबच्या (पालनकर्त्याच्या) हुकमातली गोष्ट आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलंय (सूरह १७, आयत ८५). म्हणून आमचे वडील रूहबद्दल जास्त बोलायला लागलेल्या माणसाला थांबवायचे. पण मेल्यानंतर काय, याबद्दल हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, बरंच आलंय.

चांगल्या माणसाचा जीव कसा निघतो, तर मशकीच्या तोंडातून पाण्याचा थेंब ओघळावा तसा. वाईट माणसाचा जीव मात्र ओल्या लोकरीतून काटेरी सळई ओढावी तसा निघतो. मग कबरीत दोन फरिश्ते येतात, मुन्कर आणि नकीर. ते विचारतात, तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तुझा नबी कोण. उत्तरं आली तर कबर नजर पोचेल तितकी रुंद होते. मग एक देखणा, सुगंधी कपड्यातला माणूस येतो. मयत त्याला विचारते, तू कोण? तो म्हणतो, मी तुझं नेक काम. वाईट माणसाकडं कुरूप, घाण वासाचा माणूस येतो आणि म्हणतो, मी तुझं वाईट काम. लहानपणी हे ऐकलं की मी रात्री आठवायचो, आज माझ्याकडून काय झालं, तो माणूस कसा दिसेल.

मौतीपासून कयामतीपर्यंतच्या ह्या मधल्या काळाला बरजख म्हणतात. बरजख म्हणजे आड, पडदा. त्यापुढं कयामत, हिशेब, मीजान म्हणजे तराजू, आणि मग जन्नत किंवा जहन्नम. तराजूबद्दल कुरआनात म्हटलंय की मोहरीच्या दाण्याएवढं काम असलं तरी आणून मांडलं जाईल (२१:४७).

आता तुमचा दुसरा प्रश्न. मोमिनची (श्रद्धावंताची) रूह त्याच्या कर्जामुळं अडकून राहते, फेडलं जाईपर्यंत, असं हदीसमध्ये आहे. म्हणूनच जनाजाच्या (मयतीच्या) नमाजीआधी पोरगा उभा राहिला. पैगंबरांसमोर एक जनाजा आणला होता, त्या माणसावर कर्ज होतं. त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही, लोकांना म्हणाले तुम्ही पढा. अबू कतादा नावाचे सहाबी (पैगंबरांचे सोबती) पुढं आले, कर्ज माझ्यावर म्हणाले, तेव्हा पढवली.

पण ही अट कर्ज घेणाऱ्याची आहे. चाचा देणारे होते. त्यांना तुमच्यामुळं अडचण नाही.

गोदाकाठचा

म्हणजे अडचण मला.

इमामाचा_मुलगा

खोटं कसं बोलू दादा. हो.

आपा_बीड

दादा, मी बीडची. बायकांच्या मयतीला गुसल (शेवटची आंघोळ) द्यायला जाते, वीस वर्षं झाली. तुम्ही पाला दिला ना, तेही काम मोजलं जातं. बोरीचा पाला घातलेल्या पाण्यानं धुवायचं आणि शेवटच्या पाण्यात काफूर (कापूर) घालायचा, असं पैगंबरांनी आपल्या लेकीच्या वेळी बायकांना सांगितलं होतं. आम्ही अजून तसंच करतो. उजवीकडून सुरू करायचं, तीन, पाच अशा विषम वेळा. बाईला पाच कपडे, पुरुषाला तीन. कफनाला खिसा नसतो, हे सगळे म्हणतात. मी इतक्या जणींना गुंडाळलं, तर मला वाटतं खिसा नसला तरी बाई बरंच काही घेऊन जाते. ज्या घरात सुना हमसून रडतात, तिथं सासूच्या अंगावर पाणी घालताना माझा हात आपोआप हळू होतो.

बोर कुठल्या बांधावर आहे तुमची?

गोदाकाठचा

रस्त्याकडच्या बांधावर आहे आपा. जुनी आहे, आजोबांच्या वेळची.

प्रश्नचिन्ह

मी कुठलाच धर्म मानत नाही, तरी लिहितो, कारण मूळ प्रश्न प्रामाणिक आहे. कबरीत काय होतं हे कुणी येऊन सांगितलेलं नाही. फरिश्ते, चित्रगुप्त, तराजू हे सगळं माणसानं माणसाला सरळ ठेवायला तयार केलंय असं मला वाटतं. पैसे तुम्ही वारसांना द्यायलाच हवेत, त्याला परलोकाची गरज नाही. चाचा त्यांच्या कामात उरलेत. जोवर ती मोटार फिरतेय, तोवर आहेत.

खुलताबादकर

प्रश्नचिन्ह, मोटार फिरतेय तोवर चाचा आहेत, हे तुम्ही म्हणता आणि आमच्याकडंही तेच म्हणतात, फक्त आम्ही त्याला सदका-ए-जारिया म्हणतो. वाहतं पुण्य. माणूस मेला की त्याची कामं थांबतात, तीन सोडून: वाहतं दान, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. वही बंद होते, पण ह्या तीन पानांवर नोंद होतच राहते.

मी खुलताबादला वाढलो. आमच्या गावाच्या नावातच हा विषय आहे. खुल्द म्हणजे कायमचं घर, जन्नत. बुर्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी, जर जरी जर बख्श असे किती वली (संत) इथं झोपलेत. त्यांच्या मौतीच्या दिवसाला आम्ही उरूस म्हणतो, आणि उर्स ह्या अरबी शब्दाचा अर्थ लग्न. वलीसाठी मौत म्हणजे आपल्या मालकाशी भेट, म्हणून त्या दिवशी रडत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, उरूस म्हणजे पाळणे आणि रेवड्या. अर्थ कळला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं: पोचतं. ईसाल-ए-सवाब म्हणजे सवाब (पुण्य) पोचवणं. आम्ही तिसऱ्या दिवशी जियारत करतो, कुरआन वाचून बख्शतो, दहावा, चाळिसावा करतो. फातिहा देतो, म्हणजे गेलेल्याच्या नावानं कुरआन वाचून दुआ करतो. मन साफ असलं की पोचतं.

शिवाजी_चौक

खुलताबादचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका कबरीबद्दलही बोलून टाकू ना

व्यवस्थापक

नको. धागा मिस्त्री चाचांचा आहे. त्या विषयाचे तीन धागे आधीच कुलूप लावून बंद केलेत. पुढचा प्रतिसाद उडवला आहे.

इमामाचा_मुलगा

खुलताबादकर भाई, दुआ पोचते, सदका (दान) पोचतो, याबद्दल आपलं एकमत आहे. माझा विरोध तिसरा, दहावा, चाळिसावा असे दिवस बांधून देगी चढवण्याला आहे. पैगंबरांचे चुलत भाऊ जाफर शहीद झाले तेव्हा त्यांनी सांगितलं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर दुःख आलंय. म्हणजे जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं. आपण उलटं केलं. ज्याच्या घरी मयत, त्यानंच गाव जेवू घालायचं. आमच्या गल्लीत एका रिक्षावाल्याच्या बायकोनं चाळिसाव्यासाठी कानातलं मोडलं. घरात तीन लहान पोरं. बापाच्या मालमत्तेत त्या पोरांचा हिस्सा आहे, आणि यतीमाचा (पोरक्या पोराचा) माल खाणारा पोटात आग भरतो, असं कुरआनात स्पष्ट लिहिलंय (४:१०). त्या दिवशी मी जेवलो नाही. लोकांना राग आला.

खुलताबादकर

त्या बाईचं कानातलं मोडायला लावणारे चूकच. पण म्हणून फातिहाच चूक होत नाही. माझी आई गेली तेव्हा चाळिसाव्याला आम्ही पाच मदरशाच्या पोरांना जेवू घातलं, बस. दिवस ठरलेला असला की मोठा भाऊ मुंबईहून येतो, बहिणी येतात. नाहीतर कोण कुणाला आठवतं?

इमामाचा_मुलगा

पाच पोरांच्या जेवणाला मी कशाला नाही म्हणू. मला बोलावलं असतं तर वाढायला आलो असतो.

पुण्यात_नांदेडकर

हे वाचून घर आठवलं. आमच्याकडं कुणी गेलं की चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भाकरी येते, कडू घास म्हणतात. आमचे आजोबा गेले तेव्हा कडू घास समोरच्या पठाण चाचींनी आणला होता. त्यांना हे जाफरचं माहीत असेल का, आज पहिल्यांदा विचार आला. आणि तेराव्याच्या जेवणावळींचं काय सांगू. माझ्या सख्ख्या मामांनी आजीच्या तेराव्यासाठी खाजगी सावकाराकडून पैसे उचलले. आजी असती तर काठी घेऊन उठली असती.

कपिलधार

आम्ही लिंगायत. आमच्यातही पुरतात, बसलेल्या स्थितीत. त्यामुळं लहानपणी मला वाटायचं आपण आणि मुसलमान एकच, जाळणारे वेगळे. कबर खोदण्याबद्दल विचारायचं होतं. आमच्या काळ्या जमिनीत खड्डा केला की पावसाळ्यात कड कोसळते. तुमच्यात बाजूला कोनाडा करतात ना?

इमामाचा_मुलगा

त्याला लहद किंवा बगली म्हणतात, किब्ल्याच्या (मक्केच्या) बाजूला आत कोरायची. जमीन घट्ट असेल तर तीच चांगली मानतात. पण काळ्या मातीत ती खचते, मग मधोमध सरळ कबर करतात, संदुकी. मयत ठेवून वर फळ्या नाहीतर शहाबादी फरशी टाकतात, म्हणजे माती अंगावर पडत नाही. मग प्रत्येकजण तीन मुठी माती टाकतो: ह्यातूनच तुम्हाला घडवलं, ह्यातच परत नेऊ, ह्यातूनच पुन्हा काढू (२०:५५). गोदाकाठचा, तुम्हीही टाकली असेल.

गोदाकाठचा

टाकली. अर्थ आज कळला.

किल्लारीचा

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं घर आमच्यावर आलं. मातीत चिणलेले दगड, वर धाब्याचा बोजा. माझी आई आणि शेजारच्या घरातली माझ्याच वयाची दोस्ताची बहीण, दोघी एकाच भिंतीखाली सापडल्या. नंतर पाऊस लागला. प्रेतं इतकी होती की दारं, खिडक्या, वासे, मिळेल त्या लाकडावर एकत्र जाळावं लागलं. दोस्ताचे वडील मुलीला दोन्ही हातांवर घेऊन उभे होते, धुवायला पाणी नाही, कफन नाही. त्यांनी धोतराच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलं. ते कापड माझ्या वडिलांनी दिलं होतं.

त्या चाचांना नंतर वर्षानुवर्षं एकच बोच होती, पोरीला नीट आंघोळ घातली नाही. त्याचा तिला त्रास होत असेल का, हे मला आजही वाटतं. म्हणून विचारतो.

आपा_बीड

भाऊ, नाही होत. पाणी नसेल, अंगाला हात लावण्यासारखं नसेल, तर तयम्मुम चालतं, कोरड्या स्वच्छ मातीवर हात मारून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. तेही जमलं नाही तर ज्याला जेवढं जमतं तेवढंच त्याच्यावर असतं. आणि ती भिंतीखाली गेली ना? ढिगाऱ्याखाली दबून मरणाऱ्याला शहीद म्हटलंय पैगंबरांनी. पाण्यात बुडालेला, पोटाच्या आजारानं गेलेला, साथीत गेलेला, आणि भिंतीखाली दबलेला. शिवाय लहान मूल होतं. मुलांचा हिशेब नसतो. ते चाचा असतील तर त्यांना सांगा, बीडच्या एका बाईनं सांगितलंय.

किल्लारीचा

चाचा २००९ ला गेले. दोस्ताला आत्ता फोन लावून वाचून दाखवलं.

काळीमाती

किल्लारीचा, काही बोलता येत नाही.

वकील_लातूर

(किल्लारीच्या वेळी मीही लातूरलाच होतो. त्यावर लिहायला घेतलं की थांबवत नाही, म्हणून मूळ प्रश्नावर येतो.)

गोदाकाठचा, आधी कायद्याचं. मुदतीच्या कायद्यानं अशा तोंडी व्यवहाराची वसुली तीन वर्षांत करावी लागते. तुमचा व्यवहार २०१५ चा. म्हणजे वारस आज कोर्टात गेले तर तुम्ही सुटाल. हे मी तुम्हाला आधार म्हणून सांगत नाही, उलट्या कारणासाठी सांगतोय. आता हे पैसे द्यायला तुम्हाला कुणीच भाग पाडू शकत नाही. जे द्याल ते पूर्ण तुमच्या मनानं.

कुणाला द्यायचे? मुसलमानांचा वारसा १९३७ च्या शरियत कायद्यानं त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे चालतो. चाचांचं लोकांकडं जे येणं, ती त्यांची इस्टेट. म्हणून ते पैसे परस्पर मशिदीत किंवा कुठं दान करू नका, मनात कितीही चांगलं असलं तरी. ते तुमचे नाहीत आणि दान करायचं की नाही हे वारस ठरवणार. त्यांच्या मागं कोण कोण आहे?

गोदाकाठचा

चाची, दोन मुलं, एक मुलगी. मुलगी सेलूला दिलीय. आई-वडील पूर्वीच गेले.

वकील_लातूर

मग मुलं असल्यामुळं बायकोला आठवा हिस्सा. १९,२०० चा आठवा हिस्सा २,४००. राहिले १६,८००. मुलाला दोन, मुलीला एक, असे पाच भाग. एक भाग ३,३६०. म्हणजे दोन्ही मुलांना ६,७२० प्रत्येकी, सेलूच्या मुलीला ३,३६०. सगळी रक्कम थोरल्याच्या हातात दिलीत तर मुलीचा हिस्सा तिच्यापर्यंत जातो का बघा. माझ्या वकिलीत मी सगळ्यात जास्त बहिणींचेच हिस्से बुडालेले पाहिलेत, आणि त्यात कुठलाच धर्म मागं नाही.

पण एक अट. वाटणीच्या आधी मयतीचा खर्च, मग चाचांवर कुणाचं कर्ज असेल तर ते, मग मृत्युपत्र केलं असेल तर एक तृतीयांशापर्यंत त्याप्रमाणे, आणि जे राहील त्याची वाटणी. कर्ज होतं का, ते विचारून घ्या. चाचींची मेहर (निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम) द्यायची राहिली असेल तर तेही कर्जच.

आपा_बीड

वकीलसाहेब मेहरीचं बरं लिहिलंत. मयत उचलायच्या वेळी बायका विधवेच्या कानात म्हणतात, मेहर माफ केली म्हण. ती बिचारी कशी नाही म्हणेल त्या वेळी? मी गुसलच्या घरी असले तर कुणाला असं म्हणू देत नाही. तिचा हक्क आहे, द्या तिला.

प्रश्नचिन्ह

मला एक समजत नाही. एवढा बारीक हिशेब ठेवणारा देव, आणि हज करून आल्यावर सगळं माफ होतं असंही लोक म्हणतात. मग बुडवा आणि हज करा?

इमामाचा_मुलगा

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर मला ह्या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोठं वाटतं.

हक दोन असतात. अल्लाहचा हक, म्हणजे नमाज, रोजे. आणि बंद्यांचा हक, हक्कुल-इबाद. आपल्या हकात कमी पडलं तर अल्लाह माफ करू शकतो. पण माणसाचा हक माणसानंच सोडला तर सुटतो. शहिदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून, असं हदीसमध्ये आहे. जीव दिलेल्याची ही गत, तिथं हजला काय धरून बसायचं.

पैगंबरांनी एकदा विचारलं, दिवाळखोर कोण, माहीत आहे का? लोक म्हणाले, ज्याच्याकडं पैसा नाही, सामान नाही तो. ते म्हणाले, माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) दिवाळखोर तो, जो कयामतीला नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण याला शिवी दिली, त्याच्यावर तोहमत (खोटा आळ) घेतली, कुणाचा माल खाल्ला, कुणाला मारलं. मग त्याची नेक कामं एकेकाला वाटली जातील. संपली तर त्या लोकांचे गुन्हे ह्याच्या डोक्यावर ठेवले जातील. तिथं रुपये नसतात, हिशेब नेक कामांत चुकता होतो.

आमच्या वडिलांच्या आयुष्यात त्यांनी जुम्याला सगळ्यात जास्त वेळा हीच हदीस सांगितली. मोंढ्यातले व्यापारी, हमाल, सगळे समोर बसलेले असायचे.

गोदाकाठचा

म्हणजे माझ्या हातून जे काही बरं झालं असेल त्यातलं १९,२०० रुपयांचं चाचांकडं जाणार.

इमामाचा_मुलगा

अजून वेळ आहे दादा. म्हणून तर तुम्ही इथं लिहिलंत.

आणि एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच होती. कर्जदार अडचणीत असेल तर हात सुटेपर्यंत मुदत द्या, आणि सोडून दिलं तर तुमच्यासाठी जास्त चांगलं, असं कुरआन सांगतं (२:२८०). अडचणीतल्याला मुदत देणाऱ्याला प्रत्येक दिवसाचा सदका लिहिला जातो, असं हदीसमध्ये आहे. दुष्काळात तुम्ही खरोखर अडचणीत होतात. त्या काळातला एकेक दिवस चाचांच्या वहीत चढलाय. तुमच्यामुळं त्यांचं नुकसानच झालं असं समजू नका. मात्र ऐपत आल्यावर टाळाटाळ करणं जुलूम आहे, हेही तितकंच खरं. तूर आल्यानंतरची वर्षं ती.

काळीमाती

तुरीचं वर्ष मला पण आठवतं. चार हजारानं घातली मी. भाव खरंच नव्हता हो.

गोदाकाठचा

भाव नव्हता हे खरं. पण त्याच वर्षी मी मोटारसायकल घेतली.

खुलताबादकर

गोदाकाठचा, पैशाचं वकीलसाहेबांनी सांगितलंच. तिसऱ्या प्रश्नावर एक सांगतो, ह्यात मी आणि इमामाचा_मुलगा दोघं एका बाजूला आहोत. साद बिन उबादा नावाचे सहाबी होते. त्यांची आई गेली. त्यांनी पैगंबरांना विचारलं, आईच्या नावानं कुठलं दान सगळ्यात चांगलं? उत्तर आलं, पाणी. त्यांनी विहीर खोदली.

हे अरबस्तानातलं. पण मराठवाड्यातल्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगायची गरज आहे का? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) पाणचक्की घ्या. लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापर्यंत आणलंय, त्यावर जातं फिरायचं, फकिरांसाठी पीठ दळायचं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहर आणली. तिचं पाणी पिढ्यान् पिढ्या शहर प्यायलं. अंबर इथंच खुलताबादला आहे, आमच्या शाळेच्या वाटेवर त्याचा मकबरा होता. प्यायलेल्या प्रत्येक ओंजळीचं त्याला मिळत असेल तर त्याची वही केवढी झाली असेल, असा विचार मी त्या वाटेनं जाताना करायचो.

तुमच्या मिस्त्रींनी आयुष्यभर काय केलं? जळालेल्या मोटारी परत फिरत्या केल्या. पाणी वर आणलं. माणसानं प्यायलं, गुराढोरांनी प्यायलं, पाखरांनी प्यायलं. तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या चामडी मोज्यात पाणी काढून पाजलं म्हणून एका बदनाम बाईला माफी मिळाली होती. चाचांच्या मोटारींवर किती कुत्री पाणी प्यायली असतील.

प्रश्नचिन्ह

हे मला पटतं. मानत नसलो तरी पटतं.

कपिलधार

मोटार वायंडिंगचा माणूस उन्हाळ्यात रात्री एक-एक वाजेपर्यंत बसतो. आमच्याकडच्या मिस्त्रीचं दुकान बंद दिसलं की पोटात गोळा यायचा.

गोदाकाठचा

मंडळी, आठ दिवस लिहिलं नाही. काल जाऊन आलो, तेवढं सांगतो.

चाची इद्दतीत (नवरा गेल्यावर विधवेनं पाळायचा काळ) आहेत, चार महिने दहा दिवस. पडद्याच्या आत बसल्या होत्या, मी बाहेर ओट्यावर. दोन्ही पोरं आणि सेलूची लेक समोर होती. मी पैसे ठेवले आणि सगळं सांगितलं, वायंडिंगचं, पाइपचं, तुरीचं, मोटारसायकलचंही. थोरला म्हणला, "अब्बांनी कधी तुमचं नाव काढलं नाही." मी म्हणलं, मला माहीत आहे. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं म्हणून वाटणीचा कागद काढला आणि विचारलं, चाचांवर कुणाचं काही आहे का?

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग आतून चाची बोलल्या, "तांबे की तार वाले के देने हैं. इकतीस हजार." परभणीच्या तारेच्या दुकानाचे. वायंडिंगची तांब्याची तार ते तिथून उधारीवर आणायचे. लोकांचे पैसे आले की तिकडं भरायचे. माझे आले नाहीत.

म्हणजे मी जी थकबाकी समजत होतो ती सगळी चाचांच्या खिशातून गेलीच नव्हती. त्यातली तार अजून त्यांच्या नावावर होती. इमामाचा_मुलगा, तुम्ही म्हणालात ना चाचांना माझ्यामुळं अडचण नाही. होती.

थोरल्याला गाडीवर घेतलं आणि परभणीला गेलो. १९,२०० माझे, बाकीचे ११,८०० त्यानं दुकानातल्या विक्रीतून आणि सेलूच्या बहिणीनं स्वतःच्या पिशवीतून काढून घातले. तिला म्हणलं, तुला तर उलट मिळायचे होते. ती म्हणली, "अब्बा अटके नको रहें." दुकानदारानं वही काढली, चाचांच्या नावाच्या खात्यावर शून्य केलं आणि पावती चाचांच्याच नावानं लिहिली. ती चाचींकडं दिली.

मेहर चाचांनी लग्नातच दिली होती म्हणे. आपा, तुमच्यामुळं विचारलं.

इमामाचा_मुलगा

मी चुकलो होतो दादा. नीट चौकशी न करता बोललो. माफ करा.

वकील_लातूर

वाटणीचा माझा हिशेब वाया गेला, आणि बरं झालं.

आपा_बीड

त्या लेकीला माझा सलाम सांगा. दुआ करणारी नेक औलाद म्हणतात ती हीच.

गोदाकाठचा

सांगतो आपा. आणि तुम्ही बोरीचं विचारलं होतं. रस्ता रुंद करायला ती ह्या उन्हाळ्यात तोडायची ठरली होती, जेसीबीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. काल फोन करून नको म्हणलो. बांध दुसरीकडून वळवतो.

आपा_बीड

राहू द्या दादा. कुणी लावलेल्या झाडाचं पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला सदका लिहिला जातो, तुमच्या आजोबांचं चालू राहील. आणि हल्ली बीडमध्ये आम्हाला पाला मिळत नाही, दुकानातली वाळकी पुडी आणावी लागते. परभणीकडं कुणाच्या घरी लागला तर तुमच्या गावाचं नाव सांगते.

गोदाकाठचा

सांगा. रात्री-बेरात्री आले तरी चालेल, बांधावर कुत्रं नाही.